रुग्णाची मुलाखत आणि आभासी रुग्ण : आरे वसाहतीच्या संदर्भात

रुग्णाला प्रश्न विचारणे ही वैद्यकातील अतिशय जुनी विद्या आहे. सुश्रुतसंहितेत रोग्याच्या परीक्षेचे सहा प्रकार सांगितले आहेत. पाच ज्ञानेंद्रियांचे पाच आणि प्रश्नाचा सहावा. वाग्भटाने हीच परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन अंगांत आवरून घेतली. प्रश्नाने काय काय जाणून घ्यावे याची जी यादी सुश्रुताने दिली आहे तिच्या आरंभीच ‘देश’ हा शब्द येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोगी कोणत्या भूमीवर राहतो, तेथे काय खातो, कशात वावरतो, हे कळल्याखेरीज त्याच्या ज्वराचा विचार पुरा होत नाही, असा याचा अर्थ घेता येईल.

आज रक्ताच्या शेकडो तपासण्या उपलब्ध असताना या विद्येचे महत्त्व उरले आहे काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिचे उत्तर ब्रिटनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका छोट्या पाहणीत सापडते. बाह्यरुग्ण विभागात प्रथमच आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत, कुटुंबवैद्याचे पत्र आणि रुग्णाची हकीकत एवढ्याच आधारावर केलेले निदान शेवटपर्यंत कायम राहिले. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांचे आणि प्रयोगशाळेमुळे आणखी ७ जणांचे निदान बदलले. त्यानंतर वैद्यक बरेच पुढे गेले हे खरे. तथापि कोणती तपासणी करावयाची हे ठरविण्यासाठीसुद्धा आधी हकीकतच लागते. निदान चुकीच्या दिशेने निघाले म्हणजे प्रयोगशाळा त्याच दिशेची उत्तरे मुकाट्याने देत राहते.

आणि ही हकीकत ऐकली जाते ती कशी? बेकमन आणि फ्रँकेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली असे दाखवून दिले की, रुग्णाने बोलण्यास प्रारंभ केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याचे बोलणे तोडतो. २०१७ साली अनेक देशांतील प्राथमिक आरोग्यसेवेची तुलना प्रसिद्ध झाली. तीत एका रुग्णाला मिळणारा वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे असल्याचे आढळले. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला या दोन टोकांपैकी आपण कोणत्या टोकाजवळ आहोत हे सांगावे लागणार नाही. जेथे वेळ इतका थोडा, तेथे कोणता प्रश्न आधी विचारावा आणि कोणत्या उत्तरापाशी थांबावे, हे शिकणे अधिकच निकडीचे ठरते.

हे शिक्षण परंपरेने खाटेपाशी होत आले आहे. गुरू पुढे, विद्यार्थ्यांचा घोळका मागे आणि मधोमध रुग्ण. या पद्धतीत विद्यार्थी निष्णात माणसाला प्रश्न विचारताना पाहतो. पण स्वतः विचारण्याची पाळी क्वचित येते आणि आली तरी चुकण्याची सोय नसते. रुग्णाची बाजू तर याहून बिकट. एकच हकीकत सकाळपासून चार तुकड्यांना सांगून तो दमलेला असतो. पाचव्या विद्यार्थ्याला तो रोगाचे नाव आपणहून सांगून मोकळा होतो. मग मुलाखत उरते ती नावापुरती.

यावर पहिला विचारपूर्वक उपाय लॉस एंजेलिसमध्ये निघाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली धडधाकट व्यक्तींना विशिष्ट रोगाची हकीकत, लक्षणे आणि वागण्याची रीत शिकवून त्यांना विद्यार्थ्यांपुढे रुग्ण म्हणून बसविले. सोंग वठवून घ्यावयाचे आणि त्यावर विद्या तोलावयाची, ही कल्पना त्या वेळी काही प्राध्यापकांना थिल्लर वाटली. पण ती टिकली. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ साली मांडलेल्या वस्तुनिष्ठ चिकित्सा-परीक्षेत या शिकविलेल्या रुग्णांना महत्त्वाचे स्थान मिळाले. तेथे विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ठरलेल्या मिनिटांत जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकेका कौशल्याची पारख होते. अशा रुग्णाचा गुण असा की, तो प्रत्येक विद्यार्थ्याला सारखाच भेटतो. दोष असा की, माणसे निवडावी लागतात, शिकवावी लागतात, मानधन द्यावे लागते, आणि रात्री अकरा वाजता एखाद्या विद्यार्थ्याला पुन्हा एकदा प्रयत्न करावासा वाटला तर त्या वेळी कोणी हजर नसते.

आभासी रुग्ण ही याच मार्गावरची पुढची पायरी होय. यंत्राशी संभाषण हा विषय १९६६ पासूनचा आहे. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिने डॉक्टरचे सोंग घेतले होते. रुग्णाचे सोंग यंत्राने घेतले ते त्यानंतर थोड्याच वर्षांत. इलिनॉय विद्यापीठात १९७१ च्या सुमारास वैद्यकीय भेटीचे अनुकरण करणारी पद्धती तयार झाली, आणि १९७२ साली स्टॅनफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी ‘पॅरी’ हा संशयग्रस्त रुग्ण रचला. त्याच्याशी झालेले लेखी संभाषण आणि खऱ्या रुग्णाचे संभाषण यांतला भेद मानसोपचारतज्ज्ञांनाही भरवशाने ओळखता आला नाही. पुढे २००० नंतरच्या दशकात फ्लॉरिडा विद्यापीठातील बेंजामिन लोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटदुखीची तक्रार घेऊन आलेली ‘डायना’ नावाची तरुणी भिंतीवर माणसाएवढ्या आकारात उभी केली. विद्यार्थ्याने तोंडाने प्रश्न विचारावयाचा आणि तिने तोंडानेच उत्तर द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

या साऱ्या रचनांचे अंतरंग समजावून घेतल्यास त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिल्यात पडद्यावर चार-पाच प्रश्न लिहिलेले असतात आणि विद्यार्थ्याने त्यांतून एक निवडावयाचा असतो. ही रचना स्वस्त आहे. परंतु प्रश्न सुचणे हेच जेथे शिकावयाचे तेथे प्रश्न आयते पुरविल्याने मुख्य कामच टळते. दुसऱ्यात विद्यार्थी आपल्या शब्दांत विचारतो, यंत्र त्या वाक्याची साठ्यातील प्रश्नांशी तुलना करते आणि सर्वांत जवळच्या प्रश्नाला नेमून दिलेले उत्तर देते. जवळचा प्रश्न न सापडल्यास ‘समजले नाही’ असे म्हणते. तिसरा वर्ग अगदी अलीकडचा. २०२२ नंतर सर्वत्र पोचलेल्या भाषा-प्रतिमानांना रुग्णाचे टिपण दिले की ते कोणत्याही प्रश्नाला सहज बोलीत उत्तर देतात. बोलणे ओघवते असते. धोका असा की, टिपणात नसलेली गोष्टही ते बेमालूम रचून सांगतात आणि प्रश्नकर्त्याच्या कलाने फार लवकर झुकतात. ‘छातीत दुखते ना?’ असे विचारावे आणि त्यांनी ‘हो’ म्हणावे, हे वारंवार घडू शकते. सूचक प्रश्न विचारू नये हा मुलाखतीचा पहिला धडा; येथे तो उलटाच पढविला जाण्याचा संभव आहे.

या साधनाचा उपयोग होतो काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी, पण मर्यादित आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात ५१ प्रयोगांतील ४,६९६ विद्यार्थ्यांचा विचार केला गेला. ज्ञानाच्या दृष्टीने आभासी रुग्ण रूढ अध्यापनाइतकेच उपयोगी ठरले आणि कौशल्यांच्या दृष्टीने काहीसे सरस दिसले. यातील कौशल्य म्हणजे बहुतांशी तर्काची व कृतीची शिस्त होय. रुग्णाच्या डोळ्यांतली भीती ओळखणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिचे मोजमाप अद्याप कोणी समाधानकारक केलेले नाही.

भारतात २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांना प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. कौशल्यशाळा आवश्यक ठरली. आणि अगदी आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे शिक्षणही घातले गेले. २०२० साली महामारीमुळे विद्यार्थ्यांना रुग्णकक्षांपासून दूर राहावे लागले तेव्हा पडद्यावरील रुग्णांची गरज अधिक भासली. तेव्हापासून परदेशांत तयार झालेले आभासी रुग्ण आपल्याकडे आणावेत की काय, हा प्रश्न पुढे आहे. अशा रुग्णाच्या हकीकतीत मोटारीचा अपघात असतो, एकटेपणाचे दुःख असते, मद्याचे मोजून घेतलेले पेले असतात. मुंबईच्या विद्यार्थ्याने त्याच्यावर हात बसविला तर तो प्रश्नांचा क्रम शिकेल. ‘देश’ शिकणार नाही. याची कसोटी पाहावयाची तर गोरेगावच्या पूर्वेस जावे लागते.

आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली. मुंबई शहराच्या दाट वस्तीतील म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवावेत आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा उद्देश होता. दारा खुरोडी हे या योजनेचे सूत्रधार. त्यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या या टापूत तबेल्यांचे तीसहून अधिक गट आहेत आणि म्हशींची संख्या अनेक वर्षे सुमारे सोळा हजार सांगितली जात आली आहे. म्हशी खासगी मालकांच्या. त्यांची देखभाल करणारे कामगार बहुधा उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले. वसाहतीच्याही आधीपासून येथे राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी कुटुंबांचे पाडे आहेत. त्यांची संख्या २७ धरली जाते. नवशाचा पाडा, केलटी पाडा, प्रजापूर पाडा ही त्यांपैकी काही नावे. उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य लागून आहे. ओशिवरा नदी याच भागात उगम पावते. म्हणजे महानगराच्या सीमेत राहूनही येथील माणसाचा संबंध दररोज जनावर, चिखल, झाडी आणि उंदीर यांच्याशी येतो. तो आजारी पडला की बसने वा रिक्षाने जोगेश्वरीच्या किंवा जुहूच्या महापालिका रुग्णालयात जातो. जुहूच्या कूपर रुग्णालयाला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तेथे टेबलापलीकडे बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो ‘तीन आठवड्यांचा ताप’ असतो; आरे हा शब्द केसपेपरावर पत्त्याच्या रकान्यात असतो, आणि पत्त्याचा रकाना कोण वाचतो?

इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून हिप्पोक्रेटसच्या प्रश्नावलीत स्वतःच्या एका प्रश्नाची भर घातली. तो प्रश्न असा : काम काय करता? तीन शतकांनंतर हा प्रश्न प्रत्येक छापील नमुन्यात आहे. तो विचारला जातो, उत्तर ‘मजुरी’ असे लिहून घेतले जाते आणि लेखणी पुढच्या रकान्याकडे वळते.

म्हणून आरेसाठी आभासी रुग्ण रचावयाचा झाल्यास त्याची घडण येथूनच करावी लागेल. समजा, पस्तिशीचा एक तबेला-कामगार आहे. तीन आठवडे संध्याकाळी अंगात कणकण भरते, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर व सांधे दुखतात, वजन उतरले आहे. एवढे तो आपणहून सांगेल. मुंबईच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ऐकताच क्षयाची आठवण व्हावी, आणि तशी व्हावी हे योग्यच आहे. विषमज्वर, हिवताप यांचाही विचार त्याने केला पाहिजे. आता पुढचा प्रश्न.

‘भाऊ, काम काय करता?’

‘मजुरी.’

येथे रचनाकाराने ठरवावयाचे की, रुग्ण याहून अधिक बोलणार नाही. जो विद्यार्थी तंबाखू आणि दारू यांच्या प्रश्नाकडे वळेल त्याच्यासाठी ही वाट बंद झाली. जो म्हणेल, ‘कसली मजुरी? सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो ते सांगा ना’, त्याला गोठा दिसेल : पहाटेच्या अंधारातली धार, शेण भरणे, वैरण, दुपारची दुसरी धार. आणि त्याहून पुढे जाऊन जो विचारेल की गोठ्यात एखादे जनावर आजारी होते काय, त्याला थोडे थांबून उत्तर मिळेल की महिन्यामागे एका म्हशीने गाभ टाकला.

‘वार कोणी काढली?’

‘मीच. हातानेच.’

‘आणि दूध कसे घेता? तापवून?’

‘धार काढताना निरसेच पितो, साहेब. आम्ही सगळेच.’

आता रोगाचे नाव पुढे येते : ब्रुसेलोसिस. डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर १८८७ साली याचे जंतू ओळखले; पुढे १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी तेथील शेळ्यांच्या दुधाशी त्याचा संबंध जोडला. गाभ टाकलेल्या जनावराची वार, स्राव आणि निरसे दूध हे त्याचे मुख्य मार्ग. ताप चढत-उतरत महिनोन् महिने राहतो. क्षयाशी याचे साम्य फसवे आहे. पाठीचा कणा दोन्ही रोगांत दुखावतो. इतकेच नव्हे, तर क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध ब्रुसेलोसिसवरही चालते. त्यामुळे क्षय समजून उपचार सुरू केले तर रुग्णाला काही दिवस बरे वाटते आणि चुकीच्या निदानावर शिक्कामोर्तब होते. योग्य उपचारात डॉक्सिसायक्लिनला रिफाम्पिसिनची किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाची जोड देतात आणि डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे चालू ठेवावे लागते. प्रयोगशाळेलाही आधी सूचना द्यावी लागते, कारण हे जंतू वाढण्यास वेळ घेतात आणि हाताळणाऱ्याला स्वतःला बाधू शकतात. ‘निरसे’ हा एक शब्द न ऐकल्याची किंमत तो कामगार महिन्यांच्या हिशेबात मोजतो; त्या महिन्यांत त्याचा रोजगार आणि गावी जाणारे पैसे दोन्ही बुडतात.

हाच रुग्ण जुलै महिन्यात आला तर कथा बदलावी लागेल. ताप चारच दिवसांचा, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल आहेत पण त्यांतून घाण येत नाही. येथे विचारावयाचे ते पावसाविषयी आणि पायांविषयी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत, आणि तशाच पायांनी तो गोठ्याच्या साचलेल्या पाण्यात उभा राहतो. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायराचे जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून आत शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्यानंतरच्या साथीने हा रोग मुंबईकरांना नावानिशी ठाऊक करून दिला आणि ‘पाण्यातून चालला होता काय?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या तोंडी बसला. पूर नसताना मात्र तो विचारला जाईलच असे नाही. तबेल्यात पूर आला नसला तरी पाणी साचतेच. मूत्रपिंडे वा फुफ्फुसे निकामी होण्याआधी हाती असलेले दिवस थोडे असतात, म्हणून येथे विलंबाची किंमत महिन्यांत मोजता येत नाही.

रचनेचे मर्म असे की, रुग्णाची माहिती तीन थरांत मांडावयाची : आपणहून सांगावयाची, विचारल्यास सांगावयाची आणि विश्वास बसल्यासच सांगावयाची. गाभ टाकलेल्या म्हशीची गोष्ट तिसऱ्या थरात का घालावी, याला कारण आहे. रोगी जनावराची वार्ता बाहेर फुटली तर मालकाच्या दुधाला गिऱ्हाईक राहणार नाही आणि आपली नोकरी जाईल, असे भय कामगाराला वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा ‘हे मालकाला कळवणार नाही’ असा निर्वाळा विद्यार्थ्याने दिल्यावाचून यंत्राने ते उत्तर सोडू नये. हे थर तंत्रज्ञाला ठरविता येणार नाहीत. वैद्यकाच्या प्राध्यापकालाही एकट्याला ठरविता येणार नाहीत. त्यासाठी तबेल्यात जाऊन बसावे लागेल, पशुवैद्याला विचारावे लागेल आणि तयार झालेले संभाषण खुद्द कामगारांना ऐकवून ‘असे कोणी बोलते काय?’ हे विचारावे लागेल. खर्चाच्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत प्रथम लिहिली जाते. हा खर्च बहुधा लिहिलाच जात नाही.

पाड्यावरील रुग्ण निराळ्या कारणासाठी हवा. भाजी लावून बाजारात विकणारी एक वारली स्त्री अशक्तपणाची तक्रार घेऊन येते असे धरले, तर तिच्या मुलाखतीत परीक्षा होते ती विद्यार्थ्याच्या सुराची. ‘मावशी, आधी कोणाला दाखवले होते?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘भगताला’ असे असू शकते. विद्यार्थ्याच्या शब्दात किंचितही उपहास असला तर यंत्राने ‘कोणाला नाही’ म्हणावे आणि भगताने दिलेल्या झाडपाल्याची माहिती कायमची अडकवून ठेवावी. काही पाड्यांत नळाचे पाणी आणि वीज अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत पोचली नव्हती. शिवाय बिबट्याचा वावर आहे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत त्याच्या हल्ल्यांच्या घटना लागोपाठ घडल्या. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी कमी पिणारी स्त्री आणि तिची लघवीची जळजळ यांचा संबंध जोडावयाचा, तर ‘रात्री बाहेर जायला भीती वाटते का?’ हे सुचले पाहिजे. हा प्रश्न परदेशी संचात असण्याचे कारण नाही.

भाषेचा मुद्दा याहूनही खोल आहे. शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय प्रवेशाच्या असतात. तेथे आलेल्या विद्यार्थ्याला मराठी नवी असते. मराठी घरातल्या विद्यार्थ्याचीही अडचण थोडी नाही, कारण त्याचे वैद्यक इंग्रजीत घडलेले असते. ‘कणकण’ म्हणजे किती अंश? ‘जीव घाबरा होतो’ याचा रोख हृदयाकडे, रक्तातील साखरेकडे, की मनाकडे? ‘अंगावरून जाते’ यात पांढरे की तांबडे, हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि पुरुष विद्यार्थ्याने ते कसे विचारावे याचा धडा कोणत्याही पुस्तकात नाही. वारली बोलीचा हेल आणि तबेल्यातील भोजपुरी यांची तर गोष्टच वेगळी. आज उपलब्ध असलेली वाणी ओळखणारी यंत्रे छापील मराठीला बऱ्यापैकी सरावली आहेत. पाड्यावरच्या बोलण्यात ती अडखळतात. अशा वेळी सोय म्हणून रुग्णालाच शुद्ध मराठी बोलावयास लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. यंत्राला न समजलेला उच्चार ध्वनिमुद्रित स्वरूपात जसाच्या तसा ठेवून विद्यार्थ्याला ऐकविणे हे अधिक शहाणपणाचे, कारण रुग्णालयात त्याच्या कानी तोच पडणार आहे. अशा ध्वनिमुद्रणासाठी ज्याचा आवाज घेतला जाईल त्याची संमती त्याच्याच भाषेत घेतली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. पण घाईत तेच राहून जाते.

आभासी रुग्णापाशी विद्यार्थ्याला जे मिळते ते निर्भय चुकण्याचे स्वातंत्र्य होय. लाजाळू विद्यार्थी त्याला दहा वेळा तोच प्रश्न विचारू शकतो. रुग्ण कंटाळत नाही, दुखावत नाही, तुकडीतले कोणी हसत नाही. संभाषणाची नोंद राहते. त्यामुळे आपण किती वेळा मध्येच तोंड घातले, किती प्रश्न ‘ना?’ने संपविले, रुग्णाला किती शब्द बोलू दिले, हे विद्यार्थ्याला काळ्यावर पांढरे वाचता येते. खाटेपाशी असा आरसा कोणी धरत नाही. मात्र नोंद वाचून दाखविणारा शिक्षक शेजारी नसेल तर विद्यार्थी गुणांच्या मागे लागतो. यंत्र ‘सहानुभूती’ या सदराखाली गुण देते हे कळल्यावर तो प्रत्येक उत्तरानंतर ‘अरेरे, फार त्रास झाला असेल’ असे म्हणू लागतो, आणि यंत्र गुण देत राहते. खऱ्या रुग्णाला या वाक्याचा पोकळपणा दुसऱ्यांदाच कळतो.

शांततेचेही तसेच. तबेल्यातला माणूस गाभ टाकलेल्या म्हशीविषयी बोलण्याआधी खाली पाहतो, हातातल्या केसपेपराची घडी करतो. त्या चार-पाच सेकंदांत न बोलता थांबणे हे कौशल्य आहे. पडद्यावरील रुग्ण थांबला की विद्यार्थ्याला वाटते यंत्र बिघडले, आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. म्हणून आभासी रुग्णानंतर शिकविलेला माणूस आणि त्यानंतर खरा रुग्ण, हा क्रम सोडता येणार नाही. पहिल्याने प्रश्नांची बैठक पक्की करावी, दुसऱ्याने थांबावयास शिकवावे. आरेतील कामगाराच्या वाट्याला कच्चा विद्यार्थी येऊ नये, एवढाच या आधीच्या दोन पायऱ्यांचा हेतू.

रचनाकारासाठी एक सूचना येथे नमूद करण्याजोगी आहे. मुलाखतीच्या अखेरीस ‘आणखी काही सांगायचे राहिले का?’ असे विचारण्याची शिस्त पुस्तकांत आहे. वेळेअभावी ती पहिली गळते. आरेच्या आभासी रुग्णाच्या टिपणात एक गोष्ट अशी ठेवावी की ती दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने बाहेर येऊ नये, केवळ याच प्रश्नाने यावी. तबेला-कामगाराच्या बाबतीत ती अशी असू शकते : आपल्याच खोलीत राहणारा दुसरा एक गडी, त्याच म्हशीचे दूध पिणारा, पंधरा दिवसांपासून तापाने पडून आहे आणि रोज बुडेल म्हणून तो दवाखान्यात आलेला नाही.